वकील आपल्या तालुक्यात टिकला पाहिजे

(वनहक्क शिबिरात युवा कार्यकर्त्यांच्या वतीने झालेलं भाषण. ज्या गावातून कोणी आलं नव्हतं त्या गावाने ग्रामसभेत मोठ्याने वाचावं.)



आधी एक बातमी सांगतो, मग विषयाकडे येतो. आपल्या वकीलताई तालुका सोडून जायचं म्हणतात. दिवाळीपर्यंत आहे, पुढचं सांगता येत नाही, असं त्यांनी आम्हाला बाजाराच्या दिवशी स्वतः सांगितलं. त्यांना विचारूनच आम्ही हे इथे बोलतो आहोत. त्या म्हणाल्या, सांगा, लपवायचं काही नाही.

हे ऐकून पुष्कळांना वाटेल, बाहेरचं माणूस शेवटी बाहेरचंच. आम्हालाही पहिल्या रात्री तसंच वाटलं. मग आम्ही सात-आठ जण बसलो आणि आठवलं, ताईंच्या आधी कोण कोण वकील आले नि गेले. एक वकील सहा महिने राहिले. एक जण दर आठवड्याला यायचे, पावसाळ्यात घाटाचा रस्ता तुटला तेव्हापासून आलेच नाहीत. एक तर आपल्याच समाजाचे होते, ते आता नंदुरबारला बसतात. हे सगळेच लबाड होते काय? नाही. त्यातले दोघे तर फी न घेता उभे राहिलेले आम्ही पाहिले आहेत. मग चांगली माणसंपण आपल्याकडे का टिकत नाहीत? त्यात आपलं काय चुकतं? आज हेच बोलायचं आहे.

वकील नसला तर काय होतं

ताई यायच्या आधीचं सांगतो. आमच्या पाड्यावरच्या नऊ जणांचे वनहक्काचे दावे उपविभागीय समितीने फेटाळले. त्याचं पत्र एका कार्यालयात पडून राहिलं. आमच्या हातात आलं ते होळीच्या वेळी, माणसं गुजरातमधून ऊसतोडीवरून परत आली तेव्हा. पत्रात कारण काय, तर दोन शब्द, 'पुरावा अपुरा'. आम्ही ते पत्र घेऊन एका दलालाकडे गेलो. त्याने माणशी पाचशे रुपये घेतले, कोऱ्या कागदावर अंगठे घेतले. अर्ज गेला का, कुठे गेला, आजपर्यंत कळलं नाही.

आता कायदा बघा काय म्हणतो. २००६ च्या वनहक्क कायद्यात लिहिलं आहे, ग्रामसभेचा ठराव पटला नाही तर ६० दिवसांत उपविभागीय समितीकडे जाता येतं आणि उपविभागीय समितीचा निर्णय पटला नाही तर ६० दिवसांत जिल्हा समितीकडे. माणसाला बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय त्याच्या विरुद्ध निकाल करता येत नाही. २०१२ साली नियम सुधारले, त्यात नाकारल्याची कारणं कळवायला सांगितलं आहे आणि अमुकच कागद आणा असा हट्ट समितीला धरता येत नाही असंही सांगितलं आहे. म्हाताऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाब हापण पुरावा आहे. चौकशी पुरी होईपर्यंत कसणाऱ्याला जमिनीवरून हटवता येत नाही. हे सगळं आमच्या बाजूचं होतं. पण आम्हाला ते माहीत नव्हतं. वकील असता तर त्याने पहिल्याच दिवशी विचारलं असतं, पत्र तुमच्या हातात कोणत्या तारखेला पडलं आणि ती तारीख लिहून घेतली का? एवढा एकच प्रश्न. तो विचारणारं माणूस तालुक्यात नव्हतं, म्हणून ती नऊ घरं आजपण धाकातच पेरणी करतात.

दुसरं उदाहरण फॉरेस्ट केसचं. गार्ड पीओआर फाडतो, केस कोर्टात जाते. माणूस तारखेला जातो. दिवसाची मजुरी जाते, गाडीभाडं जातं, संध्याकाळी पुढची तारीख घेऊन घरी येतो. लागोपाठ तारखा चुकल्या की वॉरंट निघतं. मग कोर्टाच्या बाहेर कोणीतरी सांगतं, कबूल करून टाक, दंड भर, मोकळा हो. आपला माणूस कबूल करतो. साहेब काय विचारतात ते त्याला मराठीत समजत नाही आणि तो काय बोलतो ते साहेबांना समजत नाही. मान हलवली म्हणजे कबूल केलं, असं होऊन जातं.

आता वकील असला तर काय होतं तेपण सांगतो. आमच्याकडच्या एका बाबांच्या पेटीत वीस वर्षांपूर्वीची दंडाची पावती होती. 'अतिक्रमण करून नांगरट केली' म्हणून भरलेला दंड. बाबा ती लाजेने कोणाला दाखवत नव्हते. ताईंनी बघितली आणि म्हणाल्या, बाबा, ही तर तुमच्या जमिनीची साक्ष आहे. कायद्यात १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत होतो हे दाखवायचं असतं. ज्या कागदाने बाबांना चोर ठरवलं, तोच कागद सांगतो की बाबा तेव्हा तिथे नांगर धरून उभे होते. बाबांचा दावा ग्रामसभेतून पुढे गेला तेव्हा पहिला पुरावा ती पावती होती. आम्ही तो कागद दहा वेळा बघितला होता. त्यात काय आहे ते वकिलाला दिसलं.

वकीलच नको, असाही एक कायदा आहे

आपल्या शहादा-तळोद्याच्या भागात जमिनी कशा गेल्या ते वडीलधाऱ्यांना माहीत आहे. कर्जात, दारूत, अंगठ्यात. १९७० नंतर अंबरसिंग महाराजांच्या वेळी लोक त्याविरुद्ध उठले. १९७४ साली महाराष्ट्रात आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर आदिवासीकडे गेलेली जमीन परत मिळवायचा रस्ता त्यात आहे. त्या कायद्यात एक कलम असं आहे की, त्या चौकशीत वकिलाला कोणाच्याच बाजूने उभं राहता येणार नाही. सावकार वकील घेऊन येईल, आदिवासी रिकाम्या हाताने येईल, मग झगडा बरोबरीचा कसा होणार? म्हणून दोघांचेही वकील बाहेर. सुप्रीम कोर्टानेपण हे कलम योग्य ठरवलं.

हे कलम आपल्या भल्याचं होतं, त्याबद्दल वाद नाही. पण त्याचा दुसरा अर्थपण समजून घेतला पाहिजे. आदिवासीला वकील मिळत नाही, हे सरकारने आणि कोर्टाने लिहून मान्य केलं. आणि खाली हरलेला जमीनवाला पुढे हायकोर्टात जातो. आपल्यासाठी ते औरंगाबादला आहे. तिथे हे कलम चालत नाही. तिथे त्याचा वकील उभा राहतो आणि आपली बाजू मोकळी राहते. म्हणजे वकील बाहेर ठेवून सगळं भागत नाही. आपल्याला आपला वकील पाहिजेच.

वकील का जातात

आम्ही ताईंना आणि नंदुरबारच्या दोन वकिलांना विचारलं. त्यांनी जे सांगितलं त्याचा सार असा.

पहिलं, पोट. तालुक्यात फी देणारे पक्षकार कोण? व्यापारी, ठेकेदार, जमीनवाले. वकिलाने आपली एक केस घेतली की त्यांची चार कामं बंद होतात. आपण म्हणतो वकील तिकडे फिरला. पण त्यालापण खोलीचं भाडं आणि पोरांची शाळा आहे.

दुसरं, शिकणं. नवा वकील मोठ्या वकिलाच्या हाताखाली शिकतो. मोठे वकील जिल्ह्याला. पुस्तकं जिल्ह्याला. इथे एकटं बसून दोन-तीन वर्षं त्याच जामिनाच्या केसा केल्या तर आपण मागे पडतो, अशी भीती वाटते.

तिसरं, राहणं. ताई एकट्या बाई म्हणून त्यांना खोली मिळायला दोन महिने लागले. लाईट जाते, दवाखाना लांब, नवऱ्याची नोकरी दुसरीकडे.

हे तिन्ही खरं आहे. पण ताईंनी चौथं कारण सांगितलं, ते आम्हाला फार लागलं. त्या म्हणाल्या, "मी कोर्टात पुकारा झाल्यावर उभी राहते, मागे वळून बघते, तर तुमचं माणूस नसतं. साहेब विचारतात, आरोपी कुठे? साक्षीदार कुठे? मी काय सांगू? पैशाचं मी बघून घेईन, पण मागचं रिकामं बाक बघून मला रोज वाटतं, मी इथे कोणासाठी उभी आहे?"

भावांनो, बहिणींनो, ते बाक आपलं आहे. ते रिकामं आपण ठेवलं.

आणखी बोलायचं तर बोलू. आपण आधी दलालाकडे जातो, काम बिघडलं की वकिलाकडे. कागद पिशवीत चुरगळून आणतो, अर्धे घरी विसरतो. कोंबडीच्या भांडणासाठी रात्री अकराला ताईंना फोन करतो. फी विचारली की म्हणतो, तुम्ही तर संघटनेच्या. एकदा कोणीतरी गावात उठवलं की ताईंना परदेशातून पैसा येतो. ते खोटं होतं, तरी आपण ऐकून घेतलं, कोणी उठून बोललं नाही. आम्हीपण नाही बोललो.

मग आता काय करायचं

आम्ही युवा कार्यकर्त्यांनी बसून सहा गोष्टी काढल्या. पटल्या तर ठराव करा, नाही पटल्या तर सुधारा.

एक. तारखेची वही. प्रत्येक गावात एक वही, त्यात कोणाची केस, कोणतं कोर्ट, पुढची तारीख. बारावी-दहावी झालेल्या पोरापोरीने ती सांभाळायची. तारखेच्या दोन दिवस आधी घरी जाऊन सांगायचं. स्थलांतराला जाताना माणसाने वहीत लिहून जायचं की कुठे जातो, फोन कोणाचा.

दोन. कागदाची पेटी. सातबारा, दंडाच्या पावत्या, पीओआरची नक्कल, ग्रामसभेचे ठराव, सगळ्याची झेरॉक्स गावाच्या पेटीत. सरकारी पत्र आलं की त्याच दिवशी मागच्या बाजूला लिहायचं, कोणत्या तारखेला, कोणाच्या हातून मिळालं. ६० दिवस मोजायला ती तारीखच उपयोगी पडते.

तीन. कोर्टात आपला माणूस. कोर्टाच्या दिवशी आमच्यापैकी एक जण तिथे बसेल. आपली बोली आणि मराठी दोन्ही येणारा. ताईंना दुभाषी मिळेल, आरोपीला धीर मिळेल. हे काम आम्ही आमच्याकडे घेतो. गावाने फक्त त्याचं गाडीभाडं बघावं.

चार. सरकारकडून मिळणारा वकील. विधी सेवा कायदा १९८७ चा आहे. त्याप्रमाणे अनुसूचित जमातीच्या माणसाला मोफत वकील मागता येतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. बाईला आणि कोठडीत असलेल्यालापण मागता येतो. अर्ज तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समितीकडे द्यायचा. साध्या फॉरेस्ट केसा, जामीन, पोटगी, ही कामं त्या रस्त्याने गेली तर ताईंच्या डोक्यावरचं ओझं कमी होईल. ती भीक नाही, हक्क आहे. पण तिथेपण मिळालेल्या वकिलाकडे आपणच कागद घेऊन जायचं, नाहीतर तोपण आपल्याला ओळखणार नाही.

पाच. पैसा. वकिली करणाऱ्याला पूर्ण वेळ पगारी नोकर होता येत नाही, असा वकिलांचा नियमच आहे. म्हणून पगार नाही, केसप्रमाणे फी द्यायची, पण ती वेळेवर. त्यासाठी गावागावांचा निधी. आपल्या संघटनेत तीस गावं. गावाला सरासरी शंभर घरं धरली तर तीन हजार घरं. घरटी वर्षाला पन्नास रुपये दिले तर दीड लाख होतात, म्हणजे महिन्याला साडेबारा हजार. अर्ध्यांनीच दिले तरी सव्वासहा हजार. रोख नसेल तर आमचूर द्या, महू द्या, ज्वारी द्या, संघटना बाजारात विकून जमा करेल. आमच्या नऊ जणांनी दलालाला एका दिवसात साडेचार हजार दिले होते, हे विसरू नका. पैसा आपल्याकडे नाही असं नाही, तो चुकीच्या हातात जातो. हिशोब दर तीन महिन्यांनी या पत्रिकेत छापायचा.

सहा. ताईंचं शिकणं आणि राहणं. संघटनेचं काम औरंगाबादला हायकोर्टात असेल तेव्हा तिथल्या वकिलासोबत बसायला ताईंना पाठवायचं, भाडं निधीतून. कायद्याची पुस्तकं घ्यायची, ती संघटनेच्या ऑफिसात राहतील, पुढच्या वकिलालापण कामाला येतील. आणि रात्रीचे फोन बंद. घराघरातली भांडणं, नवरा-बायकोची कुरबुर, बांधाची तक्रार आधी पंचात, ग्रामसभेत सोडवायची. पण बाईला मारहाण झाली किंवा पोरीवर अत्याचार झाला तर ते पंचात दाबायचं नाही, तेव्हा ताईंनी रात्रीपण यायला ना नाही म्हटलेलं.

आपल्यातला वकील

शेवटचं बोलतो. बरेच जण म्हणतात, आपलाच पोरगा, आपलीच पोरगी वकील झाली म्हणजे मिटलं. बरोबर आहे, व्हायलाच पाहिजे. बारावीनंतर पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यास असतो, पदवी झाली असेल तर तीन वर्षांचा. वकिलांच्या कायद्यात सनदेची नोंदणी फी आदिवासी आणि दलितांसाठी १२५ रुपये लिहिली आहे, इतरांना ७५०. २०२४ पर्यंत वरून बाकीचे खर्च लावायचे ते वेगळे. पण पैशापेक्षा मोठी अडचण आम्हाला माहीत आहे. आम्ही बारावी झालो आणि थांबलो. इंग्रजीची भीती वाटली, घरी काम होतं, कोणी पुढचा रस्ता सांगितला नाही.

आंध्रात के. बालगोपाल नावाचे गृहस्थ होते. विद्यापीठात गणित शिकवायचे. लोकांच्या हक्कासाठी काम करता करता त्यांनी चाळिशी उलटल्यावर वकिली सुरू केली आणि आदिवासींच्या जमिनीच्या केसा लढवल्या. २००९ मध्ये ते वारले. ते या वयात शिकले, तर आम्ही बावीस-चोवीसच्या पोरांनी कशाला घाबरायचं? आमच्यापैकी दोघांनी, एक पोरगा आणि एक पोरगी, पुढच्या जूनला कायद्याला प्रवेश घ्यायचं ठरवलं आहे. नावं आता सांगत नाही, प्रवेश मिळाल्यावर सांगू.

पण एक खरं बोलून ठेवतो. आपला पोरगा वकील झाला म्हणजे तो टिकलाच, असं नाही. नंदुरबारला बसलेले ते वकील आपलेच होते. तेपण याच बाकाकडे बघून गेले असतील. बाक रिकामं राहिलं, निधी आला नाही, कागद वेळेवर पोचले नाहीत, तर पाच वर्षांनी आमची ती पोरगीसुद्धा म्हणेल, दिवाळीपर्यंत आहे, पुढचं सांगता येत नाही. वकील जातीने टिकत नाही, नुसत्या मानपानाने टिकत नाही. त्याच्या पाठीमागे गाव उभं राहिलं तर टिकतो.

म्हणून ताईंना थांबा म्हणून सांगायला आम्ही जाणार नाही. हात जोडून थांबवलेलं माणूस किती दिवस थांबणार? आमची विनंती तुम्हाला आहे. या महिन्याच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. वही कोण सांभाळणार, पेटी कोणाच्या घरी राहणार, घरटी किती देणार, एवढं ठरवून ठरावाची नक्कल संघटनेच्या ऑफिसात द्या. पोळ्यापर्यंत जेवढे ठराव येतील तेवढे आम्ही ताईंच्या टेबलावर नेऊन ठेवू. आणि त्यानंतरच्या कोर्टाच्या पहिल्या दिवशी ज्या ज्या गावाची तारीख असेल, त्या गावाची चार माणसं मागच्या बाकावर येऊन बसतील. ताईंनी वळून बघितलं की त्यांना आपण दिसलो पाहिजे.

मग त्यांनी जे ठरवायचं ते ठरवावं.

जिंदाबाद.